नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : जवळचा मार्ग आणि लवकर पोहोचवणारा मार्ग

सप्टेंबर २०२४ मध्ये त्रिमूर्तीनगरातील आमच्या शेजारच्या काका-काकूंपुढे एक प्रश्न उभा राहिला. त्यांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो, सुनेचे बाळंतपण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित होते आणि ऑक्टोबरअखेर तिथे पोहोचणे भाग होते. धरमपेठेतील ट्रॅव्हल एजंटाने दोन प्रस्ताव छापून दिले होते, एक दिल्लीमार्गे आणि दुसरा दोहामार्गे. भाड्यात फारसा फरक नव्हता. काकांचे वय ७४, काकूंचे ६९, दोघांचेही गुडघे दुखरे. त्यामुळे निर्णय पैशांवर नव्हे, तर अंतर आणि वेळ यांवर व्हायचा होता. मी शाळेत भूगोल शिकवीत असल्यामुळे ते दोन्ही कागद घेऊन काका एका संध्याकाळी आमच्याकडे आले. त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही दिवसांत जे हिशेब झाले, ते इतर कुटुंबांनाही उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवीत आहे.

काकांचे मत आधीच ठरलेले होते. दिल्लीच्या कागदावर सुटण्याची वेळ पहाटे ४.०० आणि पोहोचण्याची वेळ त्याच तारखेला सकाळी ७.१० अशी होती. दोहाच्या कागदावर नागपूरहून सुटण्याची वेळ पहाटे ३.४५ आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचण्याची वेळ त्याच तारखेला दुपारी २.०५ होती. काका म्हणाले, "दिल्लीहून तीन तासांत पोचते अन् हे दहा तास घेते. मग हा उलटा फेरा कशाला घ्यायचा?" काकूंचे म्हणणे नेमके याच्या विरुद्ध होते. भिंतीवरच्या नकाशात दोहा पश्चिमेला, अमेरिकाही पश्चिमेला. तेव्हा दोहाला उतरलो की निम्मा नाही तरी पाव रस्ता सरला, असे त्यांना वाटत होते. दोघांचीही समजूत चुकीची होती; पण कागदावर आणि नकाशावर जे दिसते त्यावरून कोणीही तसाच निष्कर्ष काढील, इतकी ती स्वाभाविक होती.

काकांचा घोळ आधी सोडवला, कारण तो सोपा होता. तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ ही त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ उन्हाळी वेळेत जागतिक वेळेच्या सात तास मागे आणि हिवाळ्यात आठ तास मागे असते. ऑक्टोबरअखेर तिथे अजून उन्हाळी वेळच चालू असते. ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. म्हणजे जाताना दोन घड्याळांत साडेबारा तासांचे अंतर होते आणि फेब्रुवारीत परतताना ते साडेतेरा तासांचे होणार होते. तिथल्या सकाळी ७.१० मध्ये साडेबारा तास मिळवले की आपल्याकडचे संध्याकाळचे ७.४० होतात. पहाटे चारपासून संध्याकाळी ७.४० पर्यंत पंधरा तास चाळीस मिनिटे होतात, तीन तास नव्हेत. हा हिशेब काकांनी स्वतः पेन्सिलने दोनदा केला आणि मग चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसले.

काकूंच्या प्रश्नाला मात्र पृथ्वीगोल लागला. माझ्याकडचा शाळेतला गोल तीस सेंटीमीटर व्यासाचा आहे, म्हणजे त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ४२५ किलोमीटर. काकूंनी शिवणाच्या डब्यातले लाल दोऱ्याचे रीळ आणले. दोऱ्याचे एक टोक मी नागपूरवर बोटाने दाबून धरले, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ताणले आणि दोरा आपोआप जिथे स्थिरावेल तिथे स्थिरावू दिला. तो पश्चिमेला अरबस्तानावरून गेला नाही आणि पूर्वेला जपानवरूनही गेला नाही. नागपूरहून तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघाला. नेपाळ, तिबेट, शिनजियांग आणि मंगोलियाची पश्चिम कड ओलांडून सायबेरियात शिरला, पूर्व सायबेरियन समुद्रावर ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढला, तिथून अलास्कावर उतरला आणि मग कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरून खाली सॅन फ्रान्सिस्कोला आला. गोलावरच्या दोन बिंदूंमधील सर्वांत आखूड वाट ही नेहमी अशा मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. भिंतीवरचा सपाट नकाशा ध्रुवाकडचा प्रदेश ताणून दाखवतो, म्हणून ही वाट त्यावर भलतीच वाकडी आणि लांब भासते. दोरा कापून मोजला तेव्हा एकतीस सेंटीमीटरला थोडा कमी भरला. अक्षांश-रेखांशांवरून केलेला हिशेब सुमारे १३,११० किलोमीटर येतो.

यानंतर तोच कापलेला दोरा घेऊन त्याचे एक टोक दोहावर ठेवले. काकूंची अपेक्षा अशी होती की आता दोरा बराच उरेल. तो उरला फक्त तीन मिलिमीटर. दोहा ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १२,९९० किलोमीटर आहे. नागपूरहून २,८४० किलोमीटर उडून दोहाला पोहोचल्यावर पुढचे अंतर जेमतेम १२० किलोमीटरने घटते. काकूंनी दोरा पुन्हा नागपूरवर नेला, पुन्हा दोहावर आणला आणि मला विचारले, "म्हणजे तिथवर गेलो ते फुकटच गेलो?" अंतराच्या दृष्टीने पाहिले तर हो, जवळजवळ फुकटच.

याचे कारण समजावून सांगताना मला स्वतःला फार आनंद झाला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या आरपार दुसऱ्या बाजूला जो बिंदू येतो, तो दक्षिण हिंदी महासागरात मॉरिशसच्या सरळ दक्षिणेला सुमारे १,९०० किलोमीटरवर आहे. सॅन फ्रान्सिस्कोपासून कोणतेही ठिकाण किती दूर आहे हे पाहायचे, तर त्या समुद्रातल्या बिंदूपासून ते किती जवळ आहे हे पाहिले तरी पुरते. या बिंदूला जे जवळ ते सॅन फ्रान्सिस्कोला दूर. त्या बिंदूभोवती कंपासने वर्तुळ काढले, तर नागपूर आणि दोहा जवळजवळ एकाच वर्तुळावर येतात. म्हणून नागपूरहून दोहाला जाणे म्हणजे त्या वर्तुळाच्या कडेकडेने सरकणे होय. दिल्लीला जाणे म्हणजे मात्र वर्तुळाच्या बाहेर, उत्तरेला, ध्रुवाच्या दिशेने पाऊल टाकणे. नागपूर ते दिल्ली ८५५ किलोमीटर आहे आणि दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर. एवढ्या ८५५ किलोमीटरांतले साधारण ७३० किलोमीटर पुढच्या अंतरातून वजा होतात. दिल्लीमार्गे एकूण १३,२३५ किलोमीटर, म्हणजे दोऱ्याच्या आदर्श वाटेपेक्षा केवळ सव्वाशे जास्त, दोहामार्गे १५,८३०. केवळ अंतर पाहिले तर निकाल स्पष्ट होता आणि काकांचा आग्रह, चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर ठरत होता.

पण विमान दोऱ्यावरून उडत नाही. दोऱ्याची वाट तिबेटच्या पठारावरून जाते. तिथली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरहून उंच आहे. विमानातील हवेचा दाब अचानक उतरला तर वैमानिकाला थोड्याच मिनिटांत सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. आणि तिबेटवर तीन हजार मीटर म्हणजे डोंगराच्या पोटात. म्हणून प्रवासी विमाने शक्यतो हा भाग टाळून जातात. शिवाय कोणाचे आकाश कोणाला खुले आहे, हा प्रश्न असतो. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि युरोपीय संघातील कंपन्यांना आपले आकाश बंद केले. भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचे दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले होते. मगदान हे नाव बातमीत वाचून अनेकांना आश्चर्य वाटले होते. पण गोलावर दोरा ताणून पाहिला की ते ठिकाण वाटेपासून फार दूर नाही हे लगेच कळते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि माझ्या मते सामान्य प्रवासी हिची दखल सर्वांत कमी घेतात. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जिथे विमाने उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत असतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार होतात. या वाऱ्याचे मोल दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को याच मार्गावर घडले. एअर इंडियाने ही विनाथांबा सेवा २०१५ च्या डिसेंबरमध्ये अटलांटिकच्या बाजूने सुरू केली, तेव्हा अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर पडत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान पूर्वेला, प्रशांत महासागरावरून नेले. अंतर १५,३०० किलोमीटर झाले, चौदाशे किलोमीटरने वाढले. तरीही प्रवास साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास लवकर झाला, कारण आता वारा समोरून नव्हे तर पाठीमागून मिळत होता.

काकांनी यावर रास्त शंका काढली की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली ती स्वतःच सरकत येत नाही का. येत नाही, कारण पृथ्वीभोवतीची हवा तिच्याबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत पोहत असते. फरक पडतो तो फक्त हवेच्या स्वतःच्या, जमिनीच्या तुलनेतल्या वाहण्याने. आणि समोरचा वारा जेवढे नुकसान करतो, तेवढा फायदा परतीचा वारा देत नाही. ताशी ९०० किलोमीटरच्या विमानाला १२,००० किलोमीटर जायचे असेल आणि वारा ताशी १०० किलोमीटर असेल, तर विरुद्ध दिशेने पंधरा तास लागतात आणि वाऱ्याबरोबर बारा. दोन्ही मिळून सत्तावीस. वारा नसता तर दोन्ही मिळून पावणेसत्तावीसच्याही आत झाले असते.

आता प्रत्यक्ष कागदांकडे वळतो. दिल्लीमार्गे : नागपूरहून रात्री ८.०० ला सुटून ९.५० ला दिल्ली, तिथे सहा तास दहा मिनिटांचा थांबा, पुढे पंधरा तास चाळीस मिनिटे. एकूण तेवीस तास चाळीस मिनिटे. दोहामार्गे : नागपूरहून पहाटे ३.४५ ला सुटून चार तास वीस मिनिटांत दोहा, तिथे दोन तास चाळीस मिनिटांचा थांबा, पुढे पंधरा तास पन्नास मिनिटे. एकूण बावीस तास पन्नास मिनिटे. या वेळा विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतच्या असतात, म्हणजे धावपट्टीकडे जाणे, चढणे, उतरणे हे सारे त्यांत धरलेले असते. दिल्लीमार्गे अंतर जवळजवळ २,६०० किलोमीटरने कमी असूनही प्रवास पन्नास मिनिटांनी लांबत होता. विमानात बसण्याचे तास दिल्लीकडून साडेसतरा आणि दोहाकडून वीस तास दहा मिनिटे, पण दिल्लीच्या विमानतळावरचे सहा तास हा फायदा खाऊन टाकीत होते.

या दोन ओळी समोरासमोर लिहिल्यावर एक गोष्ट प्रकर्षाने दिसली. पावणेसोळा तासांचा लांब टप्पा दोन्हीकडे सारखाच आहे. गुडघ्यांना, पायांवरच्या सुजेला आणि झोपेला जो त्रास व्हायचा तो मुख्यतः त्याच टप्प्यात व्हायचा आणि त्यातून कोणत्याच मार्गाने सुटका नव्हती. मुलाने फोनवर मुंबई आणि फ्रँकफर्ट असा तिसरा मार्ग सुचवला होता. त्यात सर्वांत लांब टप्पा अकरा-साडेअकरा तासांवर आला असता, पण अंतर १६,४०० किलोमीटरच्या घरात गेले असते आणि दोनदा विमान बदलावे लागले असते. काकूंना व्हीलचेअरवरून उठून पुन्हा दुसऱ्या व्हीलचेअरवर बसणे हेच सर्वांत अवघड वाटते, म्हणून तो विचार त्यांनी तिथेच सोडला. ज्यांच्या पायात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली आहे, अशा प्रवाशाच्या बाबतीत मी मात्र हाच मार्ग आधी डॉक्टरांपुढे ठेवायला सांगेन.

म्हणजे निवड करायची ती पहिल्या टप्प्यात आणि मधल्या थांब्यात. दिल्लीत रात्री दहा ते पहाटे चार हा वेळ जागून काढायचा होता. इमिग्रेशनची रांगही तिथेच, नेमकी परदेशी जाणाऱ्या विमानांच्या गर्दीच्या वेळी लागणार होती. दोहाच्या बाबतीत इमिग्रेशन नागपूरलाच, सोनेगावच्या विमानतळावर होणार होते. त्रिमूर्तीनगरातून तिथे पोहोचायला रात्री पंधरा मिनिटेही लागत नाहीत. काका-काकूंना साडेनऊला जेवून दोन-अडीच तास घरच्या पलंगावर आडवे होता येणार होते. धोका एकच होता. दोन तास चाळीस मिनिटांचा थांबा तसा पुरेसा असला, तरी नागपूरचे विमान दोन तास उशिरा सुटले तर पुढचे चुकणार होते. दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असल्याची मी स्वतः खात्री करून घेतली, कारण तसे असेल तरच पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामानही थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते. स्वस्तात पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे जोडणाऱ्यांना मी हे कळकळीने सांगतो.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे याचा आपल्याला रास्त अभिमान असतो, आणि १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने रात्री सोनेगावला एकत्र येऊन टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या शहरी परत जात. देशांतर्गत टपालासाठी हे मध्यस्थान अगदी योग्य होते. खंडापार जाणाऱ्या प्रवाशाला मात्र मध्यावर असण्याचा तेवढा उपयोग होत नाही. त्याला कुठे तरी एका कडेला जाऊनच मोठे विमान पकडावे लागते.

शेवटी दोहामार्गेच तिकिटे काढली गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघे निघाले, वीसएक मिनिटांच्या फरकाने ठरल्या वेळेला पोहोचले आणि दहा दिवसांनी नात झाली. मोठ्या विमानात काकू दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूपर्यंत चालत गेल्या आणि पायांत घट्ट मोजे घातले होते, एवढे त्यांनी आवर्जून सांगितले.

परतीचा प्रवास फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. मंगळवारी दुपारी साडेतीनला सॅन फ्रान्सिस्कोहून निघून ते गुरुवारी पहाटे २.२५ ला नागपूरला उतरले. जाताना तारीख बदललीच नव्हती आणि येताना दोनदा बदलली, याचे काकांना फार नवल वाटले. साडेतेरा तासांचा फरक धरून हिशेब केला तर प्रवास एकवीस तास पंचवीस मिनिटांचा भरतो. नागपूर-दोहा टप्प्यात वारा स्पष्ट दिसला : जाताना चार तास वीस मिनिटे, येताना तीन तास चाळीस. जमिनीवर चालण्याचा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास दोन्हीकडून वगळला तर हा फरक ताशी साधारण ऐंशी किलोमीटरच्या वाऱ्याचा येतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांचे मार्ग लांबले. नागपूरहून दोहाला जाणारी वाट कच्छ आणि अरबी समुद्रावरून जाते आणि ती सेवाही परदेशी कंपनीची आहे, त्यामुळे तिला याची झळ लागली नाही. पण २३ जूनला खुद्द कतारनेच आपले आकाश काही तास बंद ठेवले आणि दोहाकडे निघालेली विमाने वाटेतून वळवावी लागली. आमच्या गल्लीतील आणखी एका कुटुंबाने याच प्रवासासाठी मला माझा जुना कागद मागितला, तेव्हा किलोमीटरचा रकाना तसाच ठेवून मी वेळेचा रकाना कोरा करून दिला, आणि तिकीट काढण्याच्या आठवड्यात तो पुन्हा भरून घ्यायला सांगितले.